निळ्या फुल्यांची कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे. विनोदी कादंबरी. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझी नवी आवृत्ती वाचून तुम्हाला तसा संशयही येणार नाही.

मला थोरलीनं लिहिलं. ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण काहीच ऐकलं नाही असा चेहरा ठेवायची. तिचा नवरा एक दिवस दुसरी बायको घेऊन घरी आला आणि दोन वर्षांनी दोघींनाही सोडून तिसरीकडे राहायला गेला. घरात उरल्या तिघी: थोरली, शिवणकाम करणारी धाकटी आणि त्या गृहस्थाची आई. आता या तिघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, अशी गल्लीची रास्त अपेक्षा होती. त्यांनी कामं वाटून घेतली आणि संध्याकाळी पत्ते मांडले. माझं कथानक एवढंच.

मी छापून आले तेव्हा थोरली रोज संध्याकाळी माझ्यातलं एक प्रकरण मोठ्यानं वाचायची. धाकटीच्या कानामागे निळी पेन्सिल असे. कापडावर बटण जिथे लागायचं तिथे ती फुली मारायची. हात सवयीचा गुलाम. जिथे तिघीही हसल्या, तिथे माझ्या समासात फुली पडू लागली.

"आणि दोघीच हसल्या तर गं धाकटे?" सासू विचारायची.

"दोघींच्या हसण्याला फुली नाही, आई. एक टाका कमी पडतो."

सगळ्यांत मोठी फुली दाराच्या प्रसंगाला होती. एके दुपारी नवरा सुटकेस घेऊन दारात उभा राहतो. सासू दार उघडते, तेही अर्धंच, आणि पोटच्या मुलाला अहो-जाहो करत म्हणते, "आपण कोणाकडे आलात? थोरली कामावर गेलीय, धाकटी गिऱ्हाइकाचं माप घेतेय आणि माझा डाव अर्ध्यावर आहे. विचारून या पुन्हा कधीतरी." आणि दार लावते. त्या रात्री घरात सगळ्यांची पोटभर जेवणं होतात.

हे जसंच्या तसं घडलं होतं. त्या दुपारी धाकटी मापाची पट्टी हातात घट्ट धरून आतल्या दाराशी उभी होती. आई दार पूर्ण उघडतील, अशी तिला भीती होती. म्हणून ती फुली इतकी दाबून मारलेली, की मागच्या पानावर उमटली.

लोक हसले नाहीत. एका परीक्षणकर्त्यानं 'कुटुंबाची टवाळी' असा शेरा मारला. ग्रंथालयानं माझी एक जुळी प्रत विकत घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझी उरलेली भावंडं रद्दीत गेली. पुढे सासू गेली, मग थोरली. धाकटीला माझं एक पानही एकटीनं वाचवेना. शिलाई मशीनचा एक पाय आखूड होता. तिनं मला त्याखाली सरकवलं आणि थोरलीला म्हणायची तसं म्हणाली, "ताई, धर जरा." मी बावीस वर्षं धरलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला त्यात अपमान वाटला नाही. मशीन डगमगायचं थांबलं होतं.

मग एक प्राध्यापक ते जुनं परीक्षण शोधून काढून दारात आले. मशीनखाली पालथे पडून त्यांनी मला बाहेर ओढलं आणि "हरवलेला ठेवा!" असं म्हणत शिंकले.

"लोक हसतील का हो वाचून?" धाकटीनं विचारलं. आता तिची ऐंशी उलटली होती.

"आजी, लोक डोक्यावर घेतील!"

"फुल्या मात्र नीट बघा हं. ताईच्या डोळ्यांदेखत मारल्यात."

"म्हणजे लेखिकेच्या संमतीनं?"

"तर! तीच सांगायची, 'मार फुली.'"

प्राध्यापकांनी हे वहीत टिपून घेतलं. तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर फुल्या मारलेला माणूस तो. फुली म्हणजे चूक, दुसरं काय? त्यांनी प्रामाणिकपणे एकूण एक फुलीचा मजकूर वगळला आणि प्रस्तावनेत लेखिकेच्या कठोर आत्मपरीक्षणाचं कौतुक केलं.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. मला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. प्रमुख वक्ते म्हणाले, "काय हा संयम! कुठेही हसू येत नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत धाकटीनं नवी प्रत उघडली आणि थेट दाराचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं: 'एके दुपारी तो सुटकेस घेऊन दारात उभा राहिला. सासूबाईंनी दार उघडलं. त्या रात्री घरात सगळ्यांची पोटभर जेवणं झाली.'

तिनं ओळींवरून बोट दोनदा फिरवलं.

"अहो, यांनी त्याला आत घेतलं!"

"तोच तर हृद्य प्रसंग, आजी," प्राध्यापक खाली वाकून म्हणाले. "परवा एका समीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं."

"आईंनी दार लावलं होतं."

"ते लेखिकेनंच वगळलंय ना. तुम्हीच म्हणालात, फुल्या बघा."

"फुली म्हणजे आम्ही हसलो होतो हो तिथं."

प्राध्यापकांनी धाकटीकडे पाहिलं, मग भिंतीपर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांकडे. "पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले आणि फोटोसाठी मंचावर गेले.

धाकटी उठून पेटीपाशी आली. तिचा हात कानामागे गेला. तिथे काही नव्हतं. मग तिनं काचेवर बोट टेकवलं.

"आजी, हात लावायचा नाही," रखवालदार म्हणाला.

मित्रांनो, तेव्हापासून मी इथेच आहे. माझी फार निगा राखतात. रोज काच पुसतात. पेटीत माझं पहिलं पान उघडं आहे. दाराचं पान आत दबलेलं आहे. तिथे दार अजून बंद आहे, पण ते पाहायला पेटीचं कुलूप काढावं लागेल. बाहेर मात्र दोन हजार प्रतींमधून तो माणूस घरात शिरतो आणि पोटभर जेवतो.

म्हणून एवढीच विनंती. जुन्या पुस्तकात कुणाची खूण दिसली, तर ती जपा, आणि कसली आहे ते विचारा. सांगणारी कधीकधी पहिल्याच रांगेत बसलेली असते.