किनाऱ्याचा पहारा

"तू बुडालास तर क्लबातल्या पोरांना पाव कोण देणार रे?" किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबाची परीक्षक मोइरा हसत म्हणाली आणि लाल फुगीर पट्टा तिने खिएमच्या खांद्याला अडकवला. खिएमला हसू आलं नाही.

परीक्षा तशी सोपी होती, म्हणजे ज्यांना समुद्राचं भय नाही त्यांना. लाटांपलीकडे टेगन नावाची कॉलेजातली पोरगी बुडणाऱ्याचं सोंग घेऊन तरंगत होती. पोहत जायचं, पट्टा तिच्या काखेखालून बांधायचा आणि तिला ओढत वाळूवर आणायचं. मोइरा 'ऊठ' म्हणेपर्यंत टेगनने हलायचं नाही की बोलायचं नाही. जमलं तर रविवारच्या पहाऱ्यात खिएमचं नाव लागणार. नाही जमलं, तर आपण पुन्हा इकडे फिरकणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बेकरीत खिम्याचे पॅटिस भाजणाऱ्या माणसाला ही दुर्बुद्धी सुचलीच कशी, असं त्याच्या बायकोने विचारलं होतं. पण त्यांच्या घरात सगळ्यांनीच देशासाठी काही ना काही केलं होतं. त्याचे वडील, म्हातारे तुओंग, सायगॉनच्या फौजेत होते. युद्ध हरल्यावर बायकोमुलांना होडीत घालून निघाले ते शेवटी ऑस्ट्रेलियात पोचले. नागरिकत्वाची शपथ घेतली आणि लगेच गावच्या पूरपथकात नाव घातलं. "ज्याचं मीठ खाल्लं त्याचं काम करायचं," म्हणत त्यांनी म्हातारपणापर्यंत वाळूची पोती भरली. खिएमचा मुलगा विन्ह इथल्या नौदलात गेला. "आजोबा फौजी, नातू फौजी, आणि मध्ये एक पाव!" असं म्हातारा पाहुण्यांसमोर म्हणायचा. पाहुणे हसायचे, खिएमही हसायचा, पण ते त्याला लागायचं.

त्याहून खोल दुखणं वेगळंच होतं. त्या होडीतलं प्यायचं पाणी संपलं, तेव्हा त्याची धाकटी बहीण लिएन गेली. वडिलांनी तिला आपल्या हातांनी समुद्रात सोडलं. खिएम सात वर्षांचा होता आणि बघत होता. त्यानंतर घरात तिचं नाव कधी निघालं नाही, आणि वडील समुद्राकडे कधी फिरकले नाहीत.

आज मात्र ते आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. कोट घालून, बुटांना पॉलिश करून किनाऱ्यावरच्या कठड्याशी उभे होते.

"बाबा, कशाला आलात तुम्ही? वारा किती आहे."

"असू दे वारा." म्हाताऱ्याची नजर पाण्यावरून हलेना. "पोरगी फार लांब आहे रे."

"आणतो मी तिला."

"बघ हं," म्हातारा म्हणाला.

खिएम पाण्यात शिरला. पहिल्या लाटेने तोंडात खारं पाणी गेलं, दुसरीने त्याला उलट मागे आणलं. परत फिरावं, पाव भाजावेत, हसू द्यावं लोकांना, असं वाटलं. तरी तो हात मारत राहिला.

टेगन सोंगात पक्की होती. मान टाकलेली, गारठ्याने ओठ निळसर. पट्टा बांधताना तिचं डोकं त्याच्या दंडावर कललं आणि त्याचा जीव घाबरा झाला. "बोल की गं काहीतरी!" तो ओरडला. नियम म्हणजे नियम, ती बोलली नाही. मग तो देवाचं नाव घेत, रडत, तिला ओढत निघाला.

पाय वाळूला लागले तशी मोइरा ओरडली, "झालं! पास झालास खिएम! सोड तिला आता!"

त्याने सोडलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात तो तिला घट्ट धरून उभा राहिला. सोडायचं म्हणजे काय करायचं, तेच त्याला कळेना.

तेवढ्यात म्हातारे तुओंग बूट-कोटासकट पाण्यात उतरले. लाट गुडघ्यांवर आली तरी थांबले नाहीत. त्यांनी टेगनचा दुसरा दंड धरला.

"डोकं वर धर तिचं," ते म्हणाले. "हळू. घाई नाही."

दोघांनी तिला कोरड्या वाळूपर्यंत आणून निजवलं. म्हातारा धापा टाकत तिच्याजवळ बसला आणि तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारू लागला. मोइराने 'ऊठ' म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही.

टेगनने डोळे किलकिले करून म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.