पहिल्या हिवाळ्याचं पिस्तूल

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुनं पिस्तूल आहे खरं, पण जन्मभर कागदाला भोकं पाडण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. माझ्या नावावर एक चिमणीसुद्धा नाही. तरी माझी कहाणी सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि अंगाने चांगलाच जड. गोळी मात्र चिमुकली, बावीस नंबरची. कारखान्यातल्या कारागिराने माझा घोडा इतका हळुवार बसवला होता की बोट नुसतं टेकलं तरी मला कळायचं. तिथून मी आगगाडीने उत्तरेला आलो, मोठ्या सरोवराच्या काठी, जिथे तांब्याच्या खाणी कधीच बंद पडल्या आणि बर्फ मात्र ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हटत नाही. गावातल्या जुन्या सभागृहाच्या तळघरात नेमबाजीचा क्लब आहे. तेच माझं घर.

क्लबात तेव्हा एक रीत होती. नवा माणूस आला की त्याने पहिला हिवाळा माझ्यावर काढायचा. स्वतःचं पिस्तूल कोणतं घ्यायचं, ते बर्फ वितळल्यावर ठरवायचं. तोवर आपला पंजा केवढा, मनगटात जोर किती, आवाजाने आपण दचकतो का, हे त्याचं त्याला उमगलेलं असायचं. घाई करणाऱ्याला सिग्ने सरळ दाराबाहेर काढायची. ही सिग्ने लिंडक्विस्ट म्हणजे आमच्या तळघराची मालकीणच म्हणा ना. पोस्टातून निवृत्त झालेली, जिभेने तिखट आणि मनाने लोण्याची. हत्यारं पुसताना ती सारखी बडबडते, म्हणून मला गावातलं सगळं कळतं.

किती हातांनी मला धरलं म्हणून सांगू! खाणीतल्या मजुरांचे हात, मास्तरांचे हात, मासे साफ करणारे हात. घाबरत आलेली माणसं वसंतात हसत बाहेर पडायची आणि जाताना माझ्या मुठीवर थाप मारून जायची. अभिमान वाटायचा मला. रेनो कांगासही माझ्यावरच शिकला. तो रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. माणूस असा अबोल की 'हो' म्हणायलाही त्याला जड जायचं, पण नेम धरून उभा राहिला की दगड.

मग दिवस पालटले. लोक दुकानातून मोठाली काळी पिस्तुलं घेऊन यायला लागले. मला बघून म्हणायचे, हे बावीसचं होय, हे तर पोरांचं खेळणं. मी कपाटाच्या तळाशी गेलो. दोन उन्हाळे मला तेलाचा थेंब मिळाला नाही. नळीच्या तोंडाशी गंज चढला. ज्यांना मी धरायला शिकवलं तेही कपाट उघडताना माझ्याकडे बघेनासे झाले. मित्रांनो, गंजाचं एवढं काही नाही, पण आपली कुणाला आठवणच नाही, हे फार लागतं.

त्या वर्षी शरदात रेनोची बायको ईर्मा गेली. त्यांची एकुलती एक मुलगी हेल्वी दूर मिलवॉकी शहरात असायची. तिचा संसार मोडला होता. आईच्या अंत्यविधीला आली ती परत गेलीच नाही. गावातल्या वृद्धाश्रमात तिने काम धरलं आणि बापाबरोबर राहायला लागली. आता पंचाईत अशी, की त्या बापलेकीमध्ये आजवर सगळं बोलणं ईर्माच्या मार्फत झालेलं. फोन आला की रेनो बायकोच्या शेजारी उभा राहून सांगायचा, तिला विचार, गाडीला हिवाळ्याचे टायर लावलेत का. ईर्मा विचारायची, उत्तर ऐकायची आणि त्याला सांगायची. तो पूलच कोसळला. दोघं एका टेबलाशी बसून मुकाट्याने जेवत आणि आपापल्या खोलीत जात. सिग्ने म्हणायची, या घरात भांडण झालं असतं तरी बरं, निदान आवाज तरी झाला असता.

मुलीला जवळ कसं करावं, हे रेनोला कळेना. त्याला एकच जागा ठाऊक होती, जिथे न बोलता दोन माणसं शेजारी उभी राहू शकतात. तो तिला आमच्या तळघरात घेऊन आला.

सिग्नेने मला तळातून काढलं, पुसलं, तेल दिलं आणि हेल्वीच्या हातात ठेवलं. तिचा हात लहानसा, दिवसभर म्हाताऱ्यांना उठवून बसवून थकलेला. तिने श्वास सोडला, मला नीट धरलं आणि घोडा ओढला. मी जेमतेम हललो. कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या अगदी कडेला भोक पडलं. ती वळून बापाकडे बघून हसली. रेनोही हसला. ईर्मा गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला, असं सिग्ने मागाहून म्हणाली. त्या संध्याकाळी दोघं घरी जाताना जिन्यावर चक्क बोलत होती. मला वाटलं, झालं, माझं म्हातारपण सार्थकी लागलं.

पण माणसाला आनंद झाला की त्याला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. नाताळच्या आदल्या आठवड्यात रेनो एक खोका घेऊन आला. आत एक इवलंसं रिव्हॉल्व्हर होतं. मूठभर आकार, पिसासारखं हलकं, मुठीला जांभळा रंग. दुकानदार म्हणाला होता, बायका हेच नेतात. पण गोळी मात्र त्यात थोराड बसायची. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, त्यातला प्रकार.

आता हे नीट ऐका, मित्रांनो. गोळी सुटली की हत्यार मागे रेटा देतं. हत्यार जड आणि गोळी लहान असली की रेटा वजनातच जिरतो. हत्यार हलकं आणि गोळी मोठी असली की सगळा रेटा हातावर येतो. किती साधी गोष्ट! पण दुकानात उभं राहिलं की भल्याभल्यांना उलटंच वाटतं. नाजूक हात दिसला की माणसं हलकं हत्यार शोधतात. इथे प्रत्येक हिवाळ्यात कुणीतरी नवरा, कुणीतरी बाप ही चूक करतोच.

सिग्नेने ते रिव्हॉल्व्हर तळहातावर झुलवून बघितलं आणि तिचं तोंड कडू झालं.

"रेनो, हे पर्समध्ये घालून फिरणाऱ्यांचं हत्यार आहे. रोज नेम धरणाऱ्यांचं नाही. पहिला हिवाळा तरी सरू दे की."

"तिचा हात बघितलास का केवढा आहे? ते जुनं धूड किती दिवस उचलायला लावू तिला?"

"अरे, पण हात तिचा आहे ना? मग तिलाच विचार."

"विचारलं तर नाताळची भेट कसली?" रेनो म्हणाला आणि खोक्याला रिबन बांधायला लागला. रिबन त्याला बांधता येत नव्हती. शेवटी सिग्नेनेच बांधून दिली.

नाताळानंतर हेल्वी ते घेऊन आली. पहिल्या गोळीला रिव्हॉल्व्हर तिच्या हातात असं उसळलं, की अंगठ्याच्या बेचक्यात मुठीचा घाव बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे बाप उभा होता, मुलाने पाटीवर पहिलं अक्षर काढावं आणि आईने बघावं तसा बघत. हेल्वीने डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, "छान आहे, डॅडी. खूप छान आहे."

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दर आठवड्याला ती यायची आणि दर आठवड्याला तो घाव निळा-जांभळा व्हायचा. तिचा हात आधीच दचकायला लागला. घोडा ओढण्यापूर्वीच डोळे मिटायचे आणि गोळी कागद सोडून भलतीकडे जायची. रेनो मागून सांगायचा, मनगट ताठ धर, मन लाव. ती मन लावायची. दोष मनाचा नव्हताच. मी कपाटाच्या उघड्या दारातून सगळं बघत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

सिग्नेपासून ते लपलं नाही. तिने एकदा हेल्वीला जिन्यापाशी गाठून हातमोजा काढायला लावला आणि हात बघून कपाळावर हात मारला. आत्ताच्या आत्ता रेनोला सांगते म्हणाली. हेल्वीने तिचा दंड धरला.

"नको, सिग्नेमावशी. तुम्हाला माझ्या आईची शपथ. डॅडींनी आजवर स्वतःच्या हाताने मला एवढी एकच वस्तू आणून दिलीय. बाकी सगळं आईनेच आणलं होतं."

शपथेपुढे सिग्नेचा तिखटपणा चालला नाही.

हळूहळू हेल्वी सबबी सांगायला लागली. आज जादा काम आहे, आज डोकं दुखतंय, आज रस्ता निसरडा आहे. रस्त्याचं कारण, आणि तेही रेनोला! तो एकटा यायचा, शेजारची जागा रिकामी ठेवून उभा राहायचा. एका संध्याकाळी तो सिग्नेला म्हणाला, पोरगी मला कंटाळली, तिला माझ्याबरोबर उभंही राहायचं नाही, आणि तिचंही बरोबर आहे, मी तिच्या आईसारखा थोडाच आहे. सिग्नेने नुसताच फडका पिळला. बाप समजत होता की मुलीला आपण नकोसे झालो. मुलगी बापाचं मन राखायला धडपडत होती. दोघांनाही एकमेकांची माया, आणि त्या मायेनेच दोघं दुरावत चाललेली. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

फेब्रुवारीत एकदा जेवताना हेल्वीला बिटाच्या लोणच्याची बरणी उघडेना. रेनोने तिचा हात बघितला. काय झालं विचारलं तर म्हणाली, गाडीच्या दारात सापडला. पण बेचक्यातला तसला घाव दारात सापडून होत नाही, हे चाळीस वर्षं नेम धरणाऱ्याला कुणी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी तो ते जांभळं रिव्हॉल्व्हर घेऊन एकटाच तळघरात आला. मित्रांनो, खरं सांगतो, तोवर त्याने ते एकदाही चालवलेलं नव्हतं. मुलीची भेटवस्तू आपण कशी वापरायची, म्हणून.

त्याने एक गोळी झाडली. हत्यार खाली ठेवलं. आपल्या राकट पंजाचं झोंबणारं बेचकं चोळलं.

"दर वेळी हे सोसत होती?" त्याने विचारलं.

"सोसत होती," सिग्ने म्हणाली. शपथ तिनेच मोडली की आपोआप मोडली, कोण जाणे.

रेनो बाकावर बसला आणि एवढा थोराड माणूस तोंड झाकून रडला. मग उठून त्याने मला मागून घेतलं. स्वतः खोललं, नळीच्या तोंडाचा गंज घासून काढला, मूठ जवसाच्या तेलाने चोळली. इतक्या प्रेमाने मला कुणी कधी हात लावला नव्हता. पुढच्या मंगळवारी, क्लब भरेल तेव्हा, तिला हेच देणार आणि सांगणार, चूक माझी होती, मी तुला विचारायला हवं होतं, असं तो म्हणाला.

"मंगळवार कशाला? आजच घरी जाऊन सांग," सिग्ने म्हणाली.

"घरी मला बोलता येत नाही गं. इथे जमेल."

रविवारपासून बर्फाने गाव गाडून टाकलं. सोमवारी सकाळी रेनो हेल्वीच्या गाडीभोवतीचा बर्फ उपसायला बाहेर पडला. जन्मभर बर्फ काढण्यात गेलेला माणूस, त्याला कोण अडवणार? त्याचं हृदय तिथेच बंद पडलं. फावडं हातात होतं.

मी कपाटात तसाच होतो, चकचकीत, तेल लावलेला. मंगळवार आला आणि कुणीच आलं नाही.

हेल्वी आली ती एप्रिलात, जांभळं रिव्हॉल्व्हर क्लबाला देऊन टाकायला. आता हे सांभाळवत नाही म्हणाली. सिग्नेने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, त्याची ती एक गोळी, ते रडणं, तो मंगळवार. मग सिग्नेने मला तिच्यासमोर ठेवलं.

तिने मला उचललं. जुनी सवय म्हणून तिचा हात आधीच दचकला, डोळे मिटले. मी माझ्या सगळ्या वजनानिशी तिच्या हातात टेकून राहिलो. गोळी गेली. मी जेमतेम हललो. तिने डोळे उघडले. भोक काळ्याच्या मधोमध पडलं होतं. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळली.

"डॅडी, हे दुखत नाही हो," ती म्हणाली आणि खाली बसली.

आता ती कधीमधी येते. नेम चांगला लागतो तिचा. मला पुसते, तेल लावते, कोरड्या जागी ठेवते. माझं काही दुखणं उरलेलं नाही. म्हणून, मित्रांनो, मी माझ्यासाठी काही मागत नाही. एवढंच सांगतो. कुणासाठी हौसेने काही निवडाल, तर आधी त्याचा हात आपल्या हातात घेऊन बघा, आणि त्याला विचारा. प्रेमाने दिलेली वस्तू बोचत असेल, तर देणाऱ्याला सांगा. त्याला वाईट वाटेल, पण ते निस्तरता येतं. आणि चूक कळली की उद्यावर टाकू नका. रेनोला मंगळवार मिळाला नाही.