आप्पांची गाडी, परका पंप

भूपाल आप्पांच्या तोंडाला कोण लागणार? त्यांचा मुलगा सम्मेद लागला आणि फसला. "ही जुनी जर्मन गाडी भंगारात घाला," एवढंच तो म्हणाला होता. आप्पा तडक बस्तीत, जैन मंदिरात गेले आणि भगवंतासमोर नियम घेऊन आले: ही गाडी चालू होईतोवर दुसऱ्या कुठल्याही वाहनात पाय ठेवणार नाही. त्यांना वाटलं, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप तेवढा गेलाय, आठवड्यात मिळेल. पण कंपनीनं तो पंप बनवायचं कधीच सोडून दिलं होतं.

आणि आज सकाळी आजऱ्याहून सम्मेदच्या आतेबहिणीचा, रोहिणीचा फोन आला. "आईचं काय खरं न्हाय. सारखी विचारत्या, भूपाल आला का?"

रोहिणीची आई राजमती ही आप्पांची एकुलती एक बहीण. आप्पांनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि बंद गाडीत जाऊन बसले. सम्मेदनं भाड्याची गाडी दारात आणली, हातापाया पडला, ओरडला. आप्पा हलले नाहीत. संतापानं आणि भीतीनं सम्मेदच्या पायाला भिंगरी लागली.

उद्यमनगरातल्या गॅरेजातून केरबा मिस्त्री घरी आला. आप्पा गाडीत, केरबा गाडीखाली. "बसतोय की!" म्हणत त्यानं पहिला पंप लावला. बसला, पण गाडी ढिम्म. तो पंप कार्बोरेटरच्या गाडीचा, नुसतं पेट्रोल वर चढवणारा. हिला इंजेक्शन, पेट्रोल दाबानं फवारलं पाहिजे. सम्मेद पुन्हा बाजारात पळाला. एका दुकानात दाब जुळला तर नळी जाड, दुसरीकडे नळी जुळली तर दाब कमी. मधूनमधून रोहिणीचा फोन वाजे आणि तो उचलायची त्याला धास्ती वाटे. शेवटी एका छोट्या नव्या गाडीचा पंप सापडला. केरबानं वायरी कापून जोडल्या, किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरली. सम्मेदला रडूच आलं.

आजऱ्याच्या वाटेवर गारगोटीपर्यंत गाडी सुरेख धावली. पुढं चढ लागला आणि गाडी आचके देऊ लागली. दाब होता, पण त्या थोरल्या इंजिनाला चढावर लागेल एवढं पेट्रोल काही तो चिमुकला पंप पुरवेना. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. सम्मेदनं पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली, स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. काही उपयोग झाला नाही.

मागून आजऱ्याची एसटी येत होती. आप्पा खाली उतरले, रस्त्यात उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा केला.

सम्मेद धावला. "आप्पा, नियम पुरा झाला की! गाडी चालू झाली, हितवर आली. आता काय मोडत न्हाय."

"लबाडी नको. मोडतोयच मी. जन्मात पयल्यांदा मोडतोय." आप्पांनी टोपी नीट केली. "नियम मी घेतलाय, लेकरा. राजमतीनं न्हाय घेतलेला."

त्यांनी एसटीच्या पायरीवर पाय ठेवला. सम्मेदनं मागून आधार दिला. सकाळपासून ज्या हट्टाला तो शिव्या घालत होता, तो मोडताना त्यालाच बघवेना.

"चला की पावणं, कुठं जायचंय?" कंडक्टर खेकसला.

"भणीकडं," आप्पा म्हणाले.