काचवाल्याची बियर

"फुंका," वाहतूक पोलीस म्हणाला, आणि काचवाल्याने ट्रकच्या खिडकीतून मान बाहेर काढून फुंकलं.

यंत्राने जरा विचार केला आणि शून्य दाखवलं. पोलिसाला ते पटलं नाही. त्याने यंत्र मांडीवर दोनदा आपटलं, नळी बदलली, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. मग त्याने डॅशबोर्डवरच्या सोनेरी कॅनकडे बोट केलं. कॅनच्या तोंडाशी अजून फेस होता.

"वास तर येतोय."

"येणारच. बियरच आहे ती. पण बिनदारूची."

"बिनदारूची बियर म्हणजे बिनपाण्याची विहीर," पोलीस म्हणाला. "कुणाला शेंडी लावताय?"

काचवाल्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो बाजूच्या आरशात बघत होता. त्याची मुलगी गाडीतून उतरून वीस पावलं मागे जाऊन उभी राहिली होती, पर्स छातीशी घट्ट धरून. सोळा वर्षांनी ती आज त्याच्या शेजारी बसली होती आणि पाऊण तासात उतरली होती. ती पुन्हा चढते की नाही, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. बाकी यंत्र, पोलीस आणि कायदा गेला खड्ड्यात.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. एका बाजूची वाहनं सोडत, एका बाजूची अडवत. दुपार अशी होती की डांबरावर पाणी साचल्यासारखं वाटावं आणि त्या पाण्यातून लोक घोट्यापर्यंत बुडून चालल्यासारखे दिसावेत. ट्रकच्या दोन्ही अंगांना लाकडी घोडीवर काचा टेकवून बांधलेल्या होत्या. त्या काचांतून आभाळ, विजेचे खांब, एक चुकार कुत्रं, सगळं उलट्या दिशेने हळूहळू चाललं होतं. काचवाला तीस वर्षं असंच आभाळ वाहत होता. काचेची गाडी कधी पळवायची नसते. मागचा हॉर्न वाजवतो, आईबहिणीवरून शिव्या देतो, तरी आपण झोपेत चालल्यासारखं चालायचं. त्याला ते आवडायचं. अर्धं आयुष्य आपण जागेपणी काढलं की स्वप्नात, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं.

त्यातली काही वर्षं तर दारूतच गेली होती. ते लपवण्यात अर्थ नाही, आणि मी लपवणारही नाही. मुलगी आठ वर्षांची असताना तो तिला शेजारी बसवून निघाला आणि गाडी भर दुपारी नाल्यात घातली. मागच्या सगळ्या काचा फुटल्या. पोरीच्या हनुवटीला सहा टाके पडले. तिच्या आईने त्याच संध्याकाळी तिला उचललं आणि मामाकडे नेलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नंतर आई गेली, पोर शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. याने दारू सोडली त्याला या थंडीत नऊ वर्षं झाली. बापलेक भेटायला लागले, बोलायला लागले. पण त्याच्या गाडीत ती कधी बसली नाही. तोही कधी बस म्हणाला नाही.

मग तिने स्वतःच्या पगारावर दोन खोल्या घेतल्या. खिडक्यांना नुसत्या चौकटी होत्या, वर प्लास्टिक ताणलेलं. तिने फोन केला, बाबा, काचा तुम्हीच आणा. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, कारखान्यातून मीही येईन तुमच्याबरोबर. त्याने दोन दिवस केबिन धुतली. सीटला नवं कापड घातलं. तिला जागा हवी म्हणून नेहमीच्या गड्याला सुट्टी दिली.

आणि एवढं सगळं करून त्या शहाण्याने काय केलं? रस्ताकामाच्या रांगेत गाडी थांबली, ऊन डोळ्यांवर आलं, पोर शेजारी बसून लॅबमधल्या गमती सांगत होती, तो सुखात होता. इतक्या सुखात की त्याचा हात आपोआप सीटमागच्या घोंगडीखाली गेला, कॅन काढला आणि उघडला.

फस्स.

पोरगी सांगत होती ती गंमत अर्धीच राहिली. तिने दार उघडलं आणि ती उतरली. कॅन त्याच्या ओठांशी असतानाच पोलिसाने पाहिलं.

दारू ढोसून गाडी हाकणारे कितीतरी शहाणे या रस्त्याने जातात. त्यांच्या गाड्यांच्या काचा काळ्या असतात आणि ओळखी वरपर्यंत. त्यांना कोणी फुंका म्हणत नाही. ज्याने सोडली त्याला मात्र जन्मभर फुंकत राहावं लागतं. पोलिसापुढे, शेजाऱ्यापुढे, सोयऱ्यापुढे. पिणाऱ्याचा भरवसा असतो, तो पिणार. सोडणाऱ्याचा कोणालाच नसतो.

पोलीस वाईट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याने कॅन फिरवून फिरवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, मग साहेबाला फोन लावला. साहेबाने त्याला बराच वेळ समजावलं. गाडीवाल्याच्या अंगात दारू किती, ते कायदा मोजतो. कॅनवर काय चित्र आहे ते मोजत नाही. यंत्र शून्य म्हणतंय तर तू कोण? उद्या लिंबूपाणी पिणाऱ्यालाही धरशील. पोलीस हो साहेब, हो साहेब करत राहिला आणि फोन ठेवून काचवाल्याला म्हणाला, "कायद्यात काही बसत नाही. पण डोळ्यांत खुपतं ना, काका. घरी बसून प्या की."

घरी प्यायला घरी कोण होतं? काचवाल्याची नजर पुन्हा बाजूला गेली. मुलगी आरशात मोठी मोठी होत जवळ येत होती.

ती खिडकीपाशी आली. पोलिसाकडे बघून तिने हात पुढे केला आणि कॅन मागितला. पोलिसाने दिला, का दिला ते त्यालाही कळलं नाही. तिने आयुष्यात कधी असलं काही तोंडाला लावलं नव्हतं. डोळे मिटले आणि अर्धा कॅन एका दमात प्यायली, औषध प्यावं तशी. मग खोकली, मनगटाने तोंड पुसलं आणि यंत्राकडे मान केली.

"लावा."

"अहो ताई, तुम्ही कुठे गाडी चालवताय?"

"लावा म्हणते ना."

तिने फुंकलं. शून्य. मागचा टेम्पोवाला उतरून तमाशा बघत होता, तो म्हणाला, आता मलाही द्या थोडी. कोणी हसलं नाही. मुलगी त्या शून्याकडे बघत राहिली. दिवसभर ती असलेच आकडे वाचायची, आकड्यावर तिचा विश्वास होता. तिचे खांदे खाली आले. काचवाल्याला वाटलं, झालं, आता चढेल. त्याने तिच्या बाजूचं दार आतून उघडलं.

ती चढली नाही.

"कधीपासून पिताय ही?"

"चार वर्षं. दुपारी एक. व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक नको म्हणाला होता, चवीच्या वाटेलाच जाऊ नका म्हणे. पण हाताला काहीतरी लागतं गं, चिमे. नाहीतर हात दुसरीकडे जातो."

"त्याचं काही नाही. प्या तुम्ही. कायद्याने चालतं, यंत्राला चालतं, मलाही चालेल." तिने सीटमागे बोट केलं. "दारू नाही ना ती? मग घोंगडीखाली का ठेवली होती, बाबा?"

त्याने मागे वळून घोंगडीकडे पाहिलं. कोणापासून लपवत होता? त्या केबिनमध्ये तर चार वर्षं तो आणि गडी, आणि गड्याला सगळं माहीत. दारू सुटली होती. घोंगडी सुटली नव्हती.

"सवय," तो म्हणाला.

"तिचीच मला भीती वाटते. तुम्ही खोटं बोलत नाही, कळतंय मला. पण तो आवाज झाला आणि माझे पाय आपोआप खाली उतरले. आता चढत नाहीत. मी काय करू?"

तो नको चढू म्हणाला. मागच्या थांब्यावरून बस मिळेल म्हणाला. तिने मान हलवली. दार त्याने आतून हळूच ओढून घेतलं. पोलिसाने त्याच्याकडे न बघता हात केला, आणि काचवाला निघाला.

बाकीचा रस्ता त्याला आठवला नाही. डांबरावरचं पाणी पुढे पुढे सरकत राहिलं आणि तो त्याच्या मागे. एका वळणावर एक बस त्याला मागे टाकून गेली. तिच्यात ती होती की नव्हती, त्याने पाहिलं नाही. काचेच्या गाडीवर असताना दुसरीकडे बघायचं नसतं.

तो पोहोचला तेव्हा ती आधीच आली होती. प्लास्टिक काढून तिने चौकटी पुसून ठेवल्या होत्या. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. गडी नव्हता. त्याने दोऱ्या सोडल्या, छातीएवढी पहिली काच घोडीवरून उतरवली आणि कोणाला हाक मारावी या विचारात तिथेच उभा राहिला.

"मी धरते," ती म्हणाली.

"तुला उलटं चालावं लागेल. जिन्यावर पुढच्याने पाठमोरं चढायचं असतं. मागे बघायचं नाही, मान वळली की काच वळते."

"मग मला कळणार कसं?"

"मी सांगेन."

तिने त्याच्याकडे बघितलं, ओढणी कमरेला खोचली आणि काचेची वरची कड धरली. उचललेली काच दोघांमध्ये चेहऱ्यांपर्यंत आली. पलीकडे तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, पण तिचा श्वास त्याला ऐकू येत नव्हता. ती एक पाऊल मागे गेली. तोही एक पाऊल पुढे आला. आणखी एक. तिच्या टाचेमागे जिना सुरू होत होता.

"पायरी," तो म्हणाला.

तिने मागे न बघता पाय उचलला, आणि बरोबर ठेवला.