परण्यात जपानी गाणं

वीरेशला जपानी बँडचं वेड लागलं आणि माझ्या डोक्याची मंडई झाली. गेवराईच्या आमच्या बँजो पार्टीत तो ऑक्टापॅड वाजवतो, मी कीबोर्ड. परळीच्या लिंगायत वाण्याच्या घरचा पोरगा, शिवभजनात मृदंग वाजवून तयार झालेला. लग्नाची सुपारी वाजवून झाली की टेम्पोत बसल्या बसल्या एक इअरफोन माझ्या कानात कोंबायचा. "ऐक बे आदिनाथ. मागच्याच वर्षी काढलंय यांनी."

बँडची नावं जपानी अक्षरात, वाचणार कोण? म्हणून गाण्यावरची चित्रं बघून आम्हीच नावं ठेवली होती. चित्रावर परळीच्या वीजकेंद्रासारखा धूर असलेले ते थर्मलवाले. तीन बायकांचा एक बँड होता, त्यांना आम्ही जावाजावा म्हणायचो. पियानो, बास आणि ड्रम, गाणारं कुणीच नाही. एकीनं चाल धरली की दुसरी तिला आडवी जायची, मध्येच तिघी एकदम थांबायच्या आणि एकदम सुटायच्या. कुणीतरी भांडी घेऊन जिन्यावरून पडावं तसं मला ते वाटायचं.

"मोज की," वीरेश म्हणायचा. "सात मात्रा हाय. आपल्या रूपकासारखं."

मी मोजायचो. पण सातनंतर माझा पाय आठवीची वाट बघत बसायचा आणि जावाजावा पुढं निघून गेलेल्या असायच्या. "असल्यावर नाचायला माणसाला तीन पाय लागतील," असं म्हणून मी इअरफोन काढून फेकायचो. खरं तर मला ते जमत नव्हतं, त्याचा राग होता.

मग अमरसिंहदादाच्या पुतण्याचं लग्न आलं. अमरसिंहदादा म्हणजे पंचक्रोशीतलं मोठं प्रस्थ, आणि नुकतीच निवडणूक घासून जिंकलेला. दुपारी परण्याची, म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला न्यायची, मिरवणूक निघाली. नवरदेव घोड्यावर, पुढं आमचा टेम्पो, आणि मध्ये खुद्द दादा दातात रुमाल धरून नाचतोय. गल्लीतल्या एका गच्चीवर विरोधी गटाची पोरं मोबाईल धरून उभी होती.

मारुतीच्या देवळाजवळ एक गाणं संपलं. दुसरं धरेपर्यंत पॅड एकटाच चालतो. वीरेशचा हात चालला होता, आणि चालता चालता त्यानं एक मात्रा गाळली. पुढच्या फेरीला पुन्हा गाळली. त्याचे डोळे मिटलेले होते. मला कळलं. हा जावाजावांचं वाजवतोय.

दादानं पाय उचलला तेव्हा ठोका पडून गेला होता. सावरायला दुसरा पाय टाकला, तोही चुकला. दादा गुडघ्यावर आपटला. गच्चीवर कुणीतरी हसलं.

दादा उठला, पँट झटकली आणि सरळ टेम्पोकडे आला. शर्ट पिस्तुलाच्या मागं खोचलेला होता, सगळ्यांना दिसावं म्हणून.

"कुणी पाठवलं तुला?" त्यानं हळू आवाजात वीरेशला विचारलं.

"न्हाई दादा, कुणी न्हाई."

"मग कावून पाडलं मला? त्यांच्या गच्चीपुढंच कसं पडलं बरोबर?"

दादाच्या दोन माणसांनी वीरेशचा उजवा हात ओढून टेम्पोच्या कडेवर ठेवला. तिसऱ्यानं टेम्पोच्या मागच्या दाराचा फाळका काढून वर उचलून धरला. लोखंडी फाळका, चांगलाच जड. तो हातावर पडला असता तर वीरेशनं पुन्हा काठी धरली नसती.

"दादा, ते गाणं हाय," वीरेश म्हणाला. "जपानचं हाय. सातच मात्रेचं असतंय."

"जपानचं." दादा हसला नाही. "गाण्याला चाल असती. चाल कुठंय?"

वीरेशनं माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मला कुणाच्या नजरेची एवढी भीती वाटली नव्हती.

"वाजवा," दादा म्हणाला. "गाणं असंल तर दोघांचं जुळंल. न्हाई जुळलं तर तू मुद्दाम पाडलंस, असं समजायचं."

हात सोडला, फाळका मात्र तसाच वर धरून ठेवला. वीरेशनं ठोका दिला. मी मोजायला लागलो आणि पहिल्याच फेरीत आठवी शोधत अडकलो. माझी बोटं पट्ट्या नुसती चाचपत राहिली. फाळकेवाल्यानं दादाकडे बघितलं. दुसऱ्या फेरीला मी मोजणं सोडून दिलं. मोजून काय होणार होतं, मी उन्हाळाभर मोजत होतो. मी फक्त वीरेशचा हात बघत राहिलो, तो कुठं पडतोय ते, आणि तो पडला तिथं माझं बोट पडलं.

चाल सुटली. जावाजावांची, जशीच्या तशी. आडवी जाणारी ती दुसरी चालही माझ्या डाव्या हातात कुठूनतरी आली. दोन महिने शिव्या घालत ऐकलेलं सगळं आत जाऊन बसलं होतं, मला पत्ताच नव्हता. आठवी मात्रा नव्हतीच, आणि नव्हती म्हणूनच ते पळत होतं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. शेजारी मित्राचा हात तुटायची वेळ आली होती आणि मी आनंदात होतो. मधल्या थांब्याला आम्ही दोघं एकदम थांबलो, एकदम सुटलो. घोडा कान टवकारून उभा होता.

दादानं हात वर केला. "पटलं. गाणंच हाय. बास करा, मुहूर्त चाललाय."

फाळका खाली सोडला. वीरेशनं काठ्या ठेवल्या आणि दोन्ही हात छातीशी धरून बसला. तो वाचला होता.

माझी बोटं थांबली नाहीत.

"कळंना का बे तुला?" दादा म्हणाला.

"दादा, अर्धं राहिलंय अजून," मी म्हणालो. "पुरं करू द्या."

अमरसिंहदादाला असं कुणी बोलत नाही. त्याचा हात कमरेकडे गेला. मी मान खाली घालून एकटाच वाजवत राहिलो. ठोक्यावाचून ती चाल उघडी पडली होती, आता मोडेल का मग मोडेल अशी चालली होती. वीरेशनं माझ्याकडे बघितलं, दादाच्या कमरेकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. मग त्यानं काठ्या उचलल्या.