तिकडचा पगार

बारक्याला सुशी करायला शिकवली ती त्याच्या वहिनीने. समुद्रापासून लांब, एका लहानशा गावात बसस्थानकाजवळच्या सुशीच्या दुकानात ती कामाला होती. मासे तिथे बर्फात गोठून ट्रकने यायचे, आणि गिऱ्हाईक बस सुटायच्या आत उभ्याउभ्या खाऊन निघून जायचं. तरी वहिनीचा हात असा, की तिचा भात कधी गिचका झाला नाही की सुटला नाही. शाळा सोडून घरी बसलेल्या दिराला तिने आपल्या शेजारी उभं केलं. सुरीला धार कशी लावायची, मासा तिरका कसा कापायचा, गरम भातात व्हिनेगर कालवताना वारा कसा घालायचा, सगळं दाखवलं. फारच चुकला तर म्हणायची, "अरे गाढवा, भात आहे तो, सिमेंट नाही!"

पुढे बारक्या बंदराच्या शहरात गेला आणि पहिला पगार हातात पडल्यावर चक्रावलाच. काम तेच, पण पैसे वहिनीच्या दुप्पट, वर टिप वेगळी. गावात लोक पोटभर खाऊन जेवढे मोजत, तेवढे इथे दोन घासांना मोजत होते. घरी सांगताना त्याने आकडा कमी करून सांगितला. आधी संकोच वाटला म्हणून, आणि नंतर, खरं सांगितलं तर पैसे पाठवावे लागतील म्हणून.

काही वर्षांनी काउंटरवरचा एक जण काम सोडून गेला. मालकाने बारक्याला विचारलं, "तुझ्या ओळखीचं आहे का कुणी, हात बसलेलं?"

"माझी वहिनी आहे. माझ्यापेक्षा चांगलं करते."

"तिकडे किती मिळतात तिला?"

'इथे सगळ्यांना देता तेवढे द्या,' एवढं म्हणणं काही अवघड नव्हतं. पण बारक्याच्या मनात आलं, ही आली की सगळे हिच्याच समोर येऊन बसणार आणि आपण पुन्हा गाढव. पगारात तरी एक पायरी वर राहू. त्याने वहिनीचा तिकडचा पगार सांगून टाकला. मालकाने त्यावर थोडी भर घातली आणि म्हणाला, "बोलाव."

वहिनी हरखून गेली. मुलीच्या शिक्षणाला हातभार लागेल म्हणून दादाही तयार झाला. एक बॅग घेऊन ती आली आणि एका लाँड्रीच्या वरची खोली तिने दोन नर्सबरोबर वाटून घेतली. तरी पगारातला मोठा वाटा भाड्यातच जायचा. काउंटरवर मात्र बारक्याला वाटलं होतं तसंच झालं. नेहमीची गिऱ्हाइकं आत येताच वहिनीसमोरची खुर्ची मोकळी आहे का ते बघू लागली.

एका दुपारी, शटर अर्धं खाली असताना, वहिनीने त्याच्यापुढे डबा ठेवला. उकडलेली अंडी आणि बटाटे.

"खा. एवढ्याशा पगारात तू या शहरात कसे दिवस काढलेस ते आता कळतंय मला. आणि मी मेली तिकडे बसून म्हणायची, बारक्या घरी पैसे का पाठवत नाही!"

बारक्याने मान खाली घालून डबा संपवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा आला. मग रोजच येऊ लागला. तो तोंड उघडायचा ते घास घ्यायलाच. शेवटी काउंटरवरच्या तिसऱ्या आचाऱ्याने त्याला मागच्या बाजूला गाठलं. "तुझी वहिनी दुपारी नुसतं पाणी पिऊन राहते, बघितलंस का? बसही सोडली तिने. चालत येते."

त्या दुपारी त्याने डबा परत सरकवला.

"का रे? मीठ कमी पडलं?"

"वहिनी, माझा पगार तुझ्याएवढा नाहीये."

ती कळवळली. "त्याहून कमी देतात तुला?"

"दुप्पट आहे," तो म्हणाला. "मालकाने तुझा तिकडचा पगार विचारला होता. मीच सांगितला."

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. "विचारला म्हणून सांगितलास?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. पण त्या डब्याकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"नाही. तू माझ्या वर जाशील म्हणून."

ती उठली, हात धुतले, पुसले आणि सरळ मालकाच्या केबिनमध्ये गेली. दार लोटलेलं होतं. बारक्याला सगळं ऐकू आलं. "हे बघा बाई, तुमच्याच दिराने आकडा दिला, मी त्यावर वाढवूनच दिलेत. मी काय फसवलं?" आत जाऊन 'चूक माझी आहे' म्हणावं असं बारक्याला वाटत राहिलं, पण तो बाहेरच उभा राहिला.

वहिनी बाहेर आली ती ॲप्रन सोडतच. "भाऊजी, माझी सुरी तेवढी द्या." आजवर तिने त्याला कधी भाऊजी म्हटलं नव्हतं. त्याने सुरी कापडात गुंडाळून दिली. "येते," एवढंच म्हणून ती शटरखालून वाकून गेली.

समुद्राकाठच्या एका हॉटेलात तिला काम मिळालं, शहरातल्या इतरांएवढ्याच पगारावर. हे बारक्याला तिसऱ्या आचाऱ्याकडून कळलं. वहिनी त्याचा फोन घ्यायची, पण सगळं अहो-जाहो करून आणि दोन वाक्यांत संपवायची.

मग एका सकाळी दादाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "पोरीची फी भरली रे! तुझ्या वहिनीचा पगार दुप्पट झाला. तू तिला तिकडे नेलंस म्हणून हे झालं. उपकार झाले बघ तुझे."

म्हणजे वहिनी घरी काहीच बोलली नव्हती.

"दादा, ऐक," तो म्हणाला, आणि मालकाला काय सांगितलं, का सांगितलं, इथपासून डब्यापर्यंत सगळं त्याने एका दमात सांगितलं.

"तिला माहितेय हे?" दादाने विचारलं.

"हो."

"आणि तरी तिने मला कळू दिलं नाही." दादा म्हणाला. "मग तू कशाला सांगितलंस रे? आता मी तुला काय म्हणू?"

"ठेवतो," म्हणत दादाने फोन बंद केला.