सात सेकंदांचा मंत्र

चौकातली गर्दी फुटपाथवर मावत नव्हती. पोरं बापाच्या खांद्यावर आणि बाप दुभाजकावर. पांढरी जीप लाल सिग्नलसमोर थांबली. मागच्या सीटवरून हिरवी शाल पांघरलेले महाराज उठले, त्यांनी डोळे मिटले आणि उजवा तळवा सिग्नलवर रोखला.

"हे रक्तवर्णी रोधका, शांत हो, शांत हो, वाट दे, वाट देऽ... हुंऽऽऽ!"

लाल विझला, हिरवा लागला. जयजयकाराने कानठळ्या बसल्या. पुढच्या रांगेत मावशी उभी होती. एक हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिने उरलेल्या हातानेच नमस्कार केला.

तिच्या शेजारी तिची भाची. ती वाहतूक तंत्रज्ञानाच्या एका कंपनीत तंत्रज्ञ होती आणि या चौकातला सिग्नल तिनेच बसवला होता. वर्षभर ज्याच्या खोक्यात डोकं खुपसून काढलं, तो असा कुणाच्या हातवाऱ्याने विरघळतो, हे तिच्या पचनी पडेना.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "तुझ्या यंत्रालाही कळतं, समोर कोण आहे ते!"

"मावशी, यांचंच मंतरलेलं स्टिकर स्कूटरला लावून तू लाल सिग्नल तोडलास. टेम्पोखाली जाता जाता वाचलीस!"

"स्टिकर तिरकं लागलं होतं. महाराज स्वतः म्हणाले."

म्हणजे हात बरा झाला की मावशी सरळ स्टिकर लावून पुन्हा निघणार. गावात तशी शेकडो स्टिकरं फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सिग्नलची नोंद उघडली. आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या संशोधनात तिच्या कंपनीकडे एक काम होतं: गाडी आणि सिग्नल यांना एकमेकांशी बोलायला शिकवणं. चाचणीसाठी बारा बसगाड्यांत डब्याएवढ्या रेडिओपेट्या बसवल्या होत्या. ड्रायव्हरने बटण दाबलं की पेटी सिग्नलला सांगे, 'मी आलेय, वाट दे.' काल महाराज चौकात असताना अशी मागणी आली होती. सात नंबरच्या बसकडून.

तिने बसडेपोच्या फोरमनला फोन लावला.

"सात नंबर? ती तीन आठवडे इथे क्लच उघडून पडलीय, बाई."

"आणि तिच्यातली पेटी?"

फोरमन बसमध्ये चढून बघून आला. "जागा आहे. पेटी नाही. तिचा ड्रायव्हरही नोकरी सोडून गेला. कुठल्याशा महाराजांची जीप चालवतो म्हणे."

भाचीने काल चौकात काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ लावला आणि घड्याळ धरलं. मागणी तपासायला सिग्नलला दोन सेकंद लागत. आडव्या रस्त्याला तीन सेकंद पिवळा. चौक रिकामा व्हायला दोन सेकंद सगळीकडे लाल. झाले सात. मंत्रही बरोबर सात सेकंदांचा! शिवाय महाराजांचा एक डोळा किलकिला होता. आडवा पिवळा बघून ते 'हुं' ताणत होते.

"पेटीचा परवाना बंद कर, पोलिसांना कळव आणि विषय संपव," तिचं सगळं ऐकून साहेब म्हणाले. "तमाशा नको."

"नुसतं बंद केलं तर ते म्हणतील, पाप वाढलं म्हणून शक्ती रुसली. आणखी स्टिकरं खपतील, साहेब. लोकांना बघू दे."

साहेबांनी टक्कल खाजवलं. "बरं. पण हवालदाराला बरोबर ने."

भाचीने सात नंबरच्या पेटीचा परवाना बंद केला. रविवारी जीप आली. मंत्र झाला, लाल तसाच. पुन्हा मंत्र. 'हुं' इतका ताणला, की महाराजांना ठसका लागला. ड्रायव्हर गुडघ्यापाशी काहीतरी दाबून दाबून घामाघूम.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!" महाराज गरजले.

"आहे ना, मी आहे," भाची पुढे आली. "पण सिग्नलला ते कोण सांगणार? मावशी, हात वर कर."

"मी? आणि म्हणू काय?"

"येईल ते म्हण."

मावशीने प्लास्टरचा हात उचलला. "दूध, साबण, इस्त्रीचे कपडे, गॅसवाल्याला फोन, आणि... आणि लाइटचं बिल..."

हिरवा लागला.

गर्दी पुढे सरकली. भाचीने पिशवीतून चाचणीची पेटी काढून उंच धरली. "मंत्र नाही, हे बटण. मी दाबलं."

हवालदाराने जीपच्या सीटखालून तश्शीच पेटी ओढून काढली. तिच्यावर सात आकडा होता.

"ती... ती भक्ताने अर्पण केली," महाराज पुटपुटले.

"चला, ठाण्यात आरती करू," हवालदार म्हणाला आणि त्याने ड्रायव्हरलाही खाली उतरवलं.

मावशी पेटीकडे एकटक बघत होती. चेहरा उतरला होता. तेवढ्यात एक म्हातारबाबा लगबगीने आले आणि तिच्याच पायांवर वाकले.

"अहो, उठा आधी!" मावशी कडाडली. "पाया कसले पडता? मी मूर्खासारखी भुलले, हाड मोडून घेतलं, पण एकदाही विचारलं नाही, की हे होतं कसं. तुम्ही तरी विचारा! कळत नाही त्यापुढे हात जोडायची एवढी घाई कशाला?"

म्हातारबाबा ओशाळले, पाठ धरून सरळ झाले आणि भाचीकडे वळले. "मग पोरी, या डबड्यात असतं तरी काय?"

भाची दुभाजकावर बसली आणि पेटीचे स्क्रू सोडवायला लागली. बघायला सगळा चौक वाकला.